समजून घ्या : स्कूबा रेग्युलेटर घेण्याआधी जॅक कुस्तो यांचे अपघात का माहीत हवेत?

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तारकर्ली-मालवणला जाऊन बोटीवरून पाठीमागे पाण्यात पडलेल्या प्रत्येकाला एक क्षण आठवत असेल. तोंडात रबरी तुकडा असतो, प्रशिक्षक अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ठीक आहे ना?' अशी खूण करतो आणि आपण पाण्याखाली पहिला श्वास घेतो. मेंदू सांगत असतो, घेऊ नकोस. छाती म्हणते, हवा येतेय. ही हवा ज्या यंत्रातून येते त्याला रेग्युलेटर म्हणतात. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव किंवा थायलंडला वारंवार जाणारे अनेक मराठी पर्यटक आता स्वतःचा रेग्युलेटर विकत घेण्याच्या विचारात असतात. ऑनलाइन दुकान उघडले की डायफ्राम, पिस्टन, बॅलन्स्ड, सील्ड, डीआयएन, योक असे शब्द समोर येतात आणि माणूस गोंधळतो.

हे शब्द आकाशातून पडलेले नाहीत. त्यातल्या बऱ्याच शब्दांमागे पाण्याखाली कोणाचा तरी श्वास अडकल्याची गोष्ट आहे. त्यातल्या अनेक गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात घडल्या. तो माणूस म्हणजे फ्रेंच नौदल अधिकारी, संशोधक आणि चित्रपटकार जॅक-इव्ह कुस्तो.

कुस्तो पाण्याकडे वळले कसे?

खरे तर त्यांना वैमानिक व्हायचे होते. ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील सेंट-आंद्रे-द-क्युब्झाक या गावात त्यांचा जन्म झाला. लहानपणी प्रकृती नाजूक, पण यंत्रांचे वेड जबरदस्त. तेराव्या वर्षी त्यांनी साठवलेल्या पैशांतून चित्रपटाचा कॅमेरा घेतला होता. १९३० मध्ये ते नौदलाच्या अकादमीत दाखल झाले आणि पुढे नौदलाच्या विमान विभागात प्रशिक्षण घेऊ लागले. १९३६ मध्ये मोटार अपघात झाला. हातांना इतकी गंभीर इजा झाली की उडण्याचे स्वप्न तिथेच संपले.

हातांत पुन्हा ताकद यावी म्हणून तुलाँ येथे ते रोज समुद्रात पोहत. तिथे फिलिप ताइये या सहकारी अधिकाऱ्याने त्यांना पाण्यात घालायचा साधा चष्मा दिला. डोके पाण्याखाली घालताच खालचे दगड, शेवाळ आणि मासे स्वच्छ दिसले आणि कुस्तो यांच्या आयुष्याची दिशा त्याच वर्षी बदलली. ताइये, कुस्तो आणि उत्तम पाणसुरा फ्रेडरिक द्युमा असे त्रिकूट जमले. १९३७ मध्ये कुस्तो यांचे सिमोन मेल्कियोर यांच्याशी लग्न झाले. या लग्नाचा रेग्युलेटरशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

अडचण एकच होती. श्वास रोखून माणूस किती वेळ खाली राहणार? लांब नळी तोंडात धरून खोल जाता येत नाही, कारण एक मीटर खोलीवरच पाण्याचा दाब छातीवर इतका येतो की वरची हवा ओढणे फुफ्फुसांना जड जाते. दहा मीटरवर एकूण दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. म्हणजे हवा नुसती मिळून उपयोग नाही, ती भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने मिळाली पाहिजे. फुफ्फुस आणि पाणी यांच्यात हा समतोल राखणे हेच रेग्युलेटरचे काम.

कुस्तो यांच्याआधी असे यंत्र नव्हते का?

होते. गंमत म्हणजे ते जवळपास ऐंशी वर्षे आधीचे होते. १८६० च्या दशकात बेन्वा रुकेरोल आणि ओग्युस्त दनेरूझ या फ्रेंच माणसांनी मागणीनुसार हवा देणारी झडप बनवली होती. ज्यूल व्हर्न यांनी आपल्या पाणबुडीच्या कादंबरीत तिचाच आधार घेतला. मात्र त्या काळच्या टाकीत पुरेशा दाबाने हवा भरता येत नसे, त्यामुळे हवा लगेच संपे. १९२० च्या दशकात इव्ह ल प्रिअर या नौदल अधिकाऱ्याने जास्त दाबाची टाकी वापरली, पण तिची झडप हाताने उघडावी लागे आणि हवा सतत वाहत राही. कुस्तो यांनी ते उपकरण वापरून पाहिले. बरीच हवा वाया जाई.

मग त्यांनी शुद्ध ऑक्सिजनचा मार्ग धरला. सोडलेला श्वास रसायनातून गाळून पुन्हा घ्यायचा, म्हणजे बुडबुडेही नाहीत आणि हवाही जास्त वेळ पुरते. सुमारे १४ मीटरपर्यंत ते सुरक्षित आहे, असा तेव्हा समज होता. १९३९ मध्ये तेवढ्याच खोलीवर कुस्तो यांच्या शरीराला झटके येऊ लागले. शुद्ध हरपण्याआधी त्यांनी कसेबसे कमरेचे वजन सोडले आणि ते वर आले. उपकरणात सुधारणा करून ते पुन्हा उतरले, पुन्हा तेच झाले. दाब वाढला की ऑक्सिजनच विषारी ठरतो, हे त्यांना शरीराने शिकवले. आज शुद्ध ऑक्सिजनसाठी साधारण सहा मीटर ही मर्यादा मानली जाते. दुकानात 'नायट्रॉक्स'साठी चालणारे रेग्युलेटर वेगळे नमूद केलेले असतात, त्यामागेही ऑक्सिजनचाच मामला आहे : जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणासाठी आतले वंगण आणि रिंग त्या वायूला चालणाऱ्या हव्यात.

मोटारीचा सुटा भाग समुद्रात कसा पोहोचला?

१९४२ च्या नोव्हेंबरअखेर, जर्मनांच्या हाती जाऊ नये म्हणून फ्रेंच नौदलाने तुलाँ बंदरात आपलाच आरमारी ताफा बुडवला. नौदल अधिकारी असलेल्या कुस्तो यांच्यापुढे आता ना जहाज होते, ना काम. डिसेंबरमध्ये ते पॅरिसला गेले. सासरे 'एअर लिक्विड' या औद्योगिक वायूंच्या कंपनीत मोठ्या पदावर होते. त्यांच्यामार्फत कुस्तो कंपनीतील अभियंता एमिल गान्याँ यांना भेटले. पाणबुड्याला श्वास घेईल तेव्हाच आणि तेवढीच हवा देणारी झडप हवी, एवढीच त्यांची मागणी होती.

युद्धामुळे फ्रान्समध्ये पेट्रोलचा दुष्काळ होता आणि मोटारी गॅसवर चालवल्या जात होत्या. इंजिनला लागेल तितकाच गॅस सोडणारी छोटी झडप गान्याँ यांनी तयारच केली होती. इंजिन गॅस ओढते, माणूस हवा ओढतो. तत्त्व एकच.

आपल्या स्वयंपाकघरातला, सिलिंडरवर 'टक' आवाज करत बसणारा रेग्युलेटर याच कुळातला आहे. सिलिंडरमध्ये दाब जास्त, शेगडीला हवा कमी, मध्ये एक पडदा आणि स्प्रिंग. पाण्यातल्या रेग्युलेटरमध्ये पडद्याच्या एका बाजूला समुद्राचे पाणी असते, एवढा मोठा फरक. पाणी जितके खोल, तितका ते पडदा दाबते आणि तितक्या दाबाने हवा सुटते. कुठेही गणित करावे लागत नाही, बॅटरी लागत नाही. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत इतके देखणे यंत्र फार थोडी पाहिली, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जानेवारी १९४३ मध्ये, ऐन थंडीत, पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली. कुस्तो आडवे पोहत असताना यंत्र उत्तम चालले. ते उभे राहिले तेव्हा हवा आपोआप भसाभसा बाहेर पडू लागली. डोके खाली, पाय वर केले तर श्वास ओढताच येईना. दोघेही निराश झाले, पण दोष लवकरच सापडला. उच्छ्वास बाहेर जाण्याची वाट हवा देणाऱ्या पडद्यापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर होती. शरीर उभे झाले की ही वाट पडद्यापेक्षा वर जाई, तिथे पाण्याचा दाब किंचित कमी असे आणि हवा तिकडे पळे. उलटे झाल्यावर नेमके विरुद्ध घडे. उपाय सोपा होता : उच्छ्वासाची झडप पडद्याच्या अगदी शेजारी आणायची. जुन्या फोटोंत पाणबुड्यांच्या दोन्ही गालांजवळून दोन घडीदार नळ्या मानेमागे जाताना दिसतात, त्यांचे कारण हेच. एका नळीतून हवा येई, दुसरीतून उच्छ्वास पुन्हा मानेमागच्या झडपेकडे नेला जाई.

जूनमध्ये सुधारित यंत्र रेल्वेने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बांदोल येथे पोहोचले. सिमोन पृष्ठभागावर पोहत खाली नजर ठेवून होत्या, द्युमा मदतीसाठी किनाऱ्यावर सज्ज होते आणि कुस्तो एकटेच खाली गेले. त्यांनी कोलांट्या मारल्या, एका बोटावर तोल सांभाळला, पाठीवर पोहून पाहिले. प्रत्येक स्थितीत हवा हवी तशी येत राहिली. एका गुहेच्या छताला लॉब्स्टर चिकटलेले होते. ते पकडून त्यांनी वर सिमोन यांच्याकडे दिले. युद्धकाळात अन्नाचे हाल होते, त्यामुळे त्या दिवशीच्या जेवणाला शोधाइतकेच महत्त्व असणार. त्या उन्हाळ्यात त्रिकुटाने शेकडो बुड्या मारल्या. ऑक्टोबरमध्ये द्युमा ६० मीटरच्याही खाली जाऊन आले.

यंत्राला 'अ‍ॅक्वालंग' म्हणजे पाण्याचे फुफ्फुस हे नाव मिळाले. युद्धानंतर १९४६ मध्ये त्याच्या निर्मितीसाठी एअर लिक्विडची 'ला स्पिरोटेक्निक' ही कंपनी सुरू झाली. पहिल्या रेग्युलेटरचे नाव 'सीजी ४५'. यातील 'सी' कुस्तो यांचा आणि 'जी' गान्याँ यांचा. गान्याँ पुढे कॅनडात माँट्रियलला गेले आणि तिथे अनेक नवी उपकरणे तयार करत राहिले. जगाला मात्र चेहरा कुस्तो यांचाच लक्षात राहिला, कारण कॅमेऱ्यासमोर तेच होते.

यंत्र बरोबर असूनही जीव कसा गेला?

रेग्युलेटर चांगला घेतला की काम झाले, असे वाटणाऱ्यांनी पुढच्या दोन घटना जरूर वाचाव्यात.

ऑगस्ट १९४६. फ्रान्समधील फोंतेन द व्होक्ल्यूज हा खडकातून उसळणारा खोल, थंड झरा. त्याचा तळ शोधायला कुस्तो आणि द्युमा दोर बांधून उतरले. खाली जाताच दोघांची शुद्ध हरपू लागली, ठरलेल्या खुणा आठवेनात, द्युमा जवळपास निष्प्राण झाले. वर दोर धरून उभ्या असलेल्या मॉरिस फार्ग यांनी वेळीच ओढले म्हणून दोघे वाचले. सुरुवातीला दोष खोलीला दिला गेला. नंतर टाक्यांतली हवा तपासली तेव्हा तिच्यात कार्बन मोनॉक्साइड सापडला. हवा भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनचा धूर आत ओढत होता. रेग्युलेटरने आपले काम चोख केले होते, त्याने विष बरोबर दाबाने पोहोचवले.

दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १९४७ मध्ये, साध्या हवेवर किती खोल जाता येते हे पाहण्याच्या प्रयत्नात तेच फार्ग सुमारे १२० मीटरवर पोहोचले. खाली लावलेल्या पाटीवर त्यांनी सही केली. वर ओढले तेव्हा तोंडातला तुकडा निसटून छातीवर लोंबत होता. त्यांना वाचवण्याचे तासन्‌तास केलेले प्रयत्न व्यर्थ गेले. दाबाखाली हवेतला नायट्रोजन मेंदूला दारूसारखी गुंगी आणतो, हे तोवर या मंडळींना अनुभवाने ठाऊक होते. कुठे थांबायचे, हे मात्र त्यांना फार्ग यांच्या मृत्यूने सांगितले. आज हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर आहे.

मग आज प्रवासासाठी रेग्युलेटर घेताना काय पाहायचे?

आधी हे स्पष्ट करू : वर्षातून एकदा तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला जाणाऱ्याने रेग्युलेटर घेऊच नये. पहिला खर्च चेहऱ्याला नीट बसणाऱ्या मास्कवर करावा. कुस्तो यांचीही सुरुवात चष्म्यानेच झाली होती. प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र घेतले असेल आणि वर्षाला दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाणे होत असेल, तर विचार करायला हरकत नाही.

आजचे रेग्युलेटर दिसायला कुस्तो यांच्या यंत्रासारखे नाहीत. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी १९५२ मध्ये एकाच नळीचा 'पॉर्पॉइज' रेग्युलेटर विकायला आणला आणि आज सर्वत्र तीच रचना आहे. टाकीवर बसणारा पहिला टप्पा सुमारे २०० बारचा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा ९-१० बार जास्त इतका खाली आणतो. तोंडातला दुसरा टप्पा तो पाण्याच्या दाबाइतका करतो.

पहिल्या टप्प्याचे दोन प्रकार असतात. पिस्टन म्हणजे दट्ट्याच्या प्रकारात हलणारे भाग कमी आणि दुरुस्ती सोपी, पण दट्ट्याच्या कप्प्यात पाणी शिरते आणि त्याबरोबर मीठ व गाळही. डायफ्राम म्हणजे पडद्याच्या प्रकारात आतली यंत्रणा पाण्यापासून दूर राहते. मालदीवच्या निळ्याशार पाण्यात दोन्ही चालतील. पण कोकण किनाऱ्यावर पाणी गढूळ असताना उतरणार असाल आणि पुढे कधी युरोपातल्या थंड तलावातही जाणार असाल, तर पूर्ण बंद, म्हणजे 'सील्ड' डायफ्राम घ्यावा. थंडीचा प्रश्न गंभीर आहे. दाबातली हवा प्रसरण पावताना एकदम गार होते, आतल्या भागावर बर्फ धरतो आणि झडप उघडीच अडकून सगळी हवा बाहेर पडू लागते. युरोपीय मानकानुसार १० अंश सेल्सिअसखालील पाण्यासाठी न तपासलेल्या रेग्युलेटरवर तशी खूण असते. ती पाहून घ्या.

'बॅलन्स्ड' या शब्दावर मात्र काटकसर नको. साध्या रेग्युलेटरमध्ये टाकी रिकामी होत आली की श्वास जड होत जातो, बॅलन्स्डमध्ये तो शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो. धाप लागलेली असताना, खोलीवर, हा फरक कळतो.

प्रवासात सर्वाधिक घोळ होतो तो टाकीला जोडण्याच्या पद्धतीत. आपल्याकडे आणि आशियातील बहुतेक पर्यटनस्थळी योक, म्हणजे शिकंजासारखी पकड असते. युरोपात डीआयएन हा आट्यांचा प्रकार जास्त. डीआयएन रेग्युलेटर घेऊन सोबत योकचा छोटा अडॅप्टर ठेवला, तर दोन्हीकडे निभावते. वजनाचा मोह आवरता घ्या. हलका संच विमानात सोयीचा असतो, पण अर्धा किलो वाचवण्यासाठी तुमच्या शहरात किंवा निदान देशात ज्याची सर्व्हिसिंग होत नाही असा ब्रँड घेणे शहाणपणाचे नाही. कंपनीनुसार दर एक-दोन वर्षांनी आतले रबरी भाग बदलावे लागतात. प्रत्येक बुडीनंतर गोड्या पाण्याने धुणे आलेच. त्या वेळी पहिल्या टप्प्याचे टोपण घट्ट बसवा आणि तोंडातल्या भागाचे बटण दाबू नका, नाहीतर पाणी आत शिरते. विमानात संच हँडबॅगेत ठेवा.

आणि व्होक्ल्यूजचा झरा लक्षात ठेवा. बोटीवर किंवा केंद्रात कॉम्प्रेसर कुठे आहे, त्याची हवा ओढण्याची नळी धुराच्या बाजूला तर नाही ना, हे विचारायला लाजू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती टाकी नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रेग्युलेटर कितीही महाग असला तरी तो हवा तपासत नाही.

ज्याने समुद्र उघडला, त्यानेच तो बिघडवला का?

हा प्रश्न कुस्तो यांना उतारवयात टाळता आला नाही. १९५० मध्ये ब्रिटिश धनिक लोएल गिनेस यांनी माल्टात घेतलेले जुने सुरुंगशोधक जहाज त्यांना वर्षाला नाममात्र एक फ्रँक भाड्याने दिले. तेच 'कॅलिप्सो'. मोहिमांच्या खर्चासाठी या जहाजाने १९५४ मध्ये अबुधाबीच्या समुद्रात तेलासाठी सर्वेक्षणही केले. लुई माल यांच्यासोबत केलेल्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले. त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवला जातो. जहाजाच्या पंख्याने जखमी झालेल्या व्हेलच्या पिल्लाभोवती शार्क जमतात आणि खलाशी त्या शार्कची कत्तल करतात. आज ते पाहवत नाही.

बदल एका दिवसात झाला नाही. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या फ्रेंच योजनेविरुद्ध ते उघडपणे उभे राहिले. पण त्यानंतरही, १९६२ ते १९६५ दरम्यान, त्यांनी समुद्रतळावर माणसे राहतील अशी घरे उभारली. शेवटच्या प्रयोगात सहा जण १०० मीटर खोलीवर तीन आठवडे राहिले. त्या कामाला तेल उद्योगाचा पैसा होता. पुढे दूरचित्रवाणी मालिकेमुळे ते घराघरांत पोहोचले. जुन्या जागी पुन्हा बुडी मारल्यावर आधी पाहिलेले जीवन तिथे उरलेले नाही, हे त्यांना वारंवार दिसत गेले. १९७३ मध्ये त्यांनी समुद्ररक्षणासाठी संस्था काढली. अंटार्क्टिकात खाणकामाला मुभा देणाऱ्या कराराविरुद्ध त्यांनी मोहीम चालवली आणि १९९१ मध्ये तिथे खाणकामावर बंदी घालणारा करार झाला.

घरात मात्र पडझड होत राहिली. भाऊ पिएर-आंत्वान युद्धकाळात नाझींच्या बाजूने लिहिणारा पत्रकार होता. त्याला झालेली मृत्युदंडाची शिक्षा नंतर कमी झाली. धाकटा मुलगा आणि कामातला वारस फिलिप २८ जून १९७९ रोजी लिस्बनजवळ समुद्री विमानाच्या अपघातात गेला. कॅलिप्सोवर नवऱ्यापेक्षाही जास्त काळ राहिलेल्या सिमोन १९९० मध्ये वारल्या. त्यानंतर कुस्तो यांनी फ्रान्सिन त्रिप्ले यांच्याशी लग्न केले तेव्हा त्यांना आधीपासूनच दोन मुले असल्याचे जगाला कळले. थोरला मुलगा जाँ-मिशेल याच्याशी कुस्तो या नावाच्या वापरावरून वाद न्यायालयात गेला.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाले. ते वर काढण्यात आले, पण पुन्हा मोहिमेवर गेले नाही. २५ जून १९९७ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, कुस्तो यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. त्यांना जन्मगावी, सेंट-आंद्रे-द-क्युब्झाकच्या दफनभूमीत पुरण्यात आले.